आधी गाव, मग ‘कायम’

ऑस्ट्रेलियातल्या पीआरच्या गोष्टी तुम्ही कुठे ना कुठे ऐकल्या असतीलच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत, फॅमिली ग्रुपवर, यूट्यूबवर, नाहीतर पुण्याहून आलेल्या मेहुण्याच्या तोंडून. या गोष्टींचा एक ठरलेला साचा आहे. नायक हुशार असतो, पण इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटतो. तिसऱ्यांदा पास होतो. कागद गोळा करता करता नाकी नऊ येतात. मग एका सकाळी ईमेल येते, आई देवापुढे साखर ठेवते आणि गोष्ट संपते. मधे कुठेतरी एक वाक्य असतं : ‘मग एका गावातल्या कंपनीने मला स्पॉन्सर केलं.’ पुढच्या वाक्यात थेट पीआर. त्या दोन वाक्यांच्या मधली तीन-चार वर्षं कुणी सांगत नाही.

मला त्या गाळलेल्या वर्षांवर लिहायचं आहे. हौस म्हणून नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना वर्षातून एकदा तरी घरून फोन येत असेल, ‘काका, ऑफर आलीय, गावाचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण पीआर मिळेल म्हणतायत. घेऊ का?’ उत्तर देताना आपण ऐकलेल्या गोष्टींच्याच भरवशावर बोलतो. तुम्ही दुबईत असा, न्यू जर्सीत असा की लेस्टरमध्ये, सल्ला तुमच्याकडेच मागितला जातो, कारण ‘तू बाहेर असतोस ना’.

तर आधी योजना. मोठी शहरं सोडून बाकीच्या ऑस्ट्रेलियात कुशल माणसं मिळत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. रुग्णालयाला नर्स हवी असते, गॅरेजला मेकॅनिक, कारखान्याला वेल्डर, हॉटेलला शेफ. त्यासाठी १९९०च्या दशकापासून ‘रीजनल स्पॉन्सर्ड मायग्रेशन स्कीम’ होती. जुलै २०१२ पासून तिचा क्रमांक १८७. मालकाने नाव सुचवायचं, स्थानिक प्रमाणन संस्थेने ‘ही जागा खरी आहे आणि इथे माणूस मिळत नाही’ असं सांगायचं, आणि अर्जदाराला थेट कायमचा व्हिसा. बदल्यात त्याने त्या मालकाकडे दोन वर्षं काम करायचं. नोकरी धरलीच नाही किंवा प्रामाणिक प्रयत्न न करता मधेच सोडली, तर व्हिसा रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे होता. म्हणजे क्रम असा होता : आधी ‘कायम’, मग गाव.

सरकारचं दुखणं वेगळं होतं. पीआर हातात पडला की माणसं सिडनी-मेलबर्नला निघून जातात, असं मंत्री सांगू लागले. मार्च २०१९ मध्ये एकूण कायम स्थलांतराची वार्षिक मर्यादा १,९०,००० वरून १,६०,००० वर आणली गेली आणि त्यातल्या २३,००० जागा ‘रीजनल’साठी बाजूला काढल्या. १६ नोव्हेंबर २०१९ ला १८७चं दार नव्या अर्जदारांसाठी बंद झालं. काही जुन्या व्हिसाधारकांना सवलत मिळाली, बाकीच्यांसाठी दोन नवे व्हिसा आले. ४९१ : राज्य सरकारच्या किंवा त्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाच्या पाठिंब्यावर. आणि ४९४ : मालकाच्या स्पॉन्सरशिपवर. दोन्ही पाच वर्षांचे, दोन्ही तात्पुरते. तीन वर्षं अटी पाळून काढली की १९१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. क्रम उलटा झाला. आधी गाव, मग ‘कायम’.

तानाजीने रायबाचं लग्न मागे ठेवलं ते स्वतःच्या मर्जीने. इथे तुमच्या घरातलं काय मागे ठेवायचं हे व्हिसाची अट ठरवते.

आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? सरकारला त्या गावात माणूस हवा आहे, माणसाला देश हवा आहे, सौदा सरळ आहे. मीही हा सौदा फसवा म्हणणार नाही. पण जुन्या व्यवस्थेत माणूस निघून गेला तर नुकसान गावाचं आणि मालकाचं होतं. नव्या व्यवस्थेत गाव, मालक, बाजार यांपैकी काहीही बिघडलं तरी नुकसान त्या माणसाचं होतं. सगळी जोखीम उचलून एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात टाकली आणि तिला नाव दिलं ‘प्रादेशिक विकास’. ४९४च्या नॉमिनेशनसाठी मालकाला सांगावं लागतं की ही पूर्णवेळ जागा किमान पाच वर्षं राहील. मला सांगा, सहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा कुठला मालक पाच वर्षांची खात्री देऊ शकतो? दुष्काळ पडतो, मोठं गिऱ्हाईक हातचं जातं, मालक म्हातारा होतो आणि मुलाला धंद्यात रस नसतो. आश्वासन त्याने दिलेलं असतं. ते मोडलं की नवा मालक शोधायची वेळ कामगारावर येते. तोही त्याच व्यवसायातला, रीजनल भागातलाच आणि पुन्हा नॉमिनेशन करायला तयार असलेला.

यासाठी पूर्वी ९० दिवस मिळायचे. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस आणि संपूर्ण व्हिसाच्या काळात मिळून ३६५ दिवस मिळतात. हा बदल खरोखर चांगला आहे. एच-वन-बीवरच्या आपल्या मंडळींना नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात, त्यांना हा आकडा वाचून हेवा वाटेल. पण चाळीस हजार वस्तीच्या गावात ‘फिटर पाहिजे’ असे बोर्ड किती दुकानांवर असतात? दिवस वाढले, दारं तेवढीच राहिली.

‘रीजनल’ या शब्दाचीही गंमत आहे. २०१९च्या व्याख्येनुसार सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून अख्खा देश रीजनल. त्यात पर्थ येतं, ज्याची वस्ती वीस लाखांवर आहे. अ‍ॅडलेड येतं, गोल्ड कोस्ट येतं, राजधानी कॅनबेरासुद्धा येते. मार्चच्या घोषणेत पर्थ आणि गोल्ड कोस्ट नव्हते, ऑक्टोबरमध्ये त्यांना आत घेतलं. पुण्याला ‘ग्रामीण भाग’ म्हटलं तर सदाशिव पेठेतून किती पत्रं येतील विचार करा. त्यामुळे अ‍ॅडलेडमध्ये ४९१वर आलेला सॉफ्टवेअरवाला आणि विमेराच्या गव्हाच्या पट्ट्यात ४९४वर आलेला यंत्रदुरुस्तीवाला कागदावर एकाच जातीचे. पहिल्याला नोकरी बदलायची मुभा आहे, कारण ४९१ फक्त नकाशाला बांधतो. दुसरा नकाशाला आणि मालकालाही बांधलेला आहे. आपल्या गोष्टींत मात्र दोघंही ‘रीजनलमधून पीआर’ मिळवतात. अ‍ॅडलेडवाल्याचा अनुभव ऐकून आपण विमेरावाल्याला सल्ला देतो. मला वाटतं, आपल्या लोकांनी केलेल्या मार्गदर्शनातला सगळ्यात मोठा घोळ हा आहे.

आखाती देशांतल्या वाचकांना आतापर्यंत एक शब्द आठवला असेल : कफील. तुलना थोडी टोकाची आहे. इथे पासपोर्ट कुणी काढून घेत नाही, देश सोडायला कुणाची परवानगी लागत नाही, कामगार न्यायाची सरकारी यंत्रणा आहे, मेडिकेअर मिळतं, आणि मुख्य म्हणजे शेवटी नागरिकत्वाचा रस्ता आहे. आखातात तीस वर्षं काढूनही तो नसतो. तरीही ज्याच्या एका सहीवर तुमच्या मुलांची शाळा अवलंबून आहे, त्याला ‘शनिवारी येणार नाही’ म्हणणं दोन्हीकडे सारखंच अवघड. २०२३ मध्ये मार्टिन पार्किन्सन यांच्या समितीने स्थलांतर व्यवस्थेचा जो आढावा घेतला, त्यातही हेच मांडलं होतं, की कामगार एकाच मालकाला बांधलेला असला की त्याच्या पिळवणुकीला वाव मिळतो.

पिळवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी सिनेमासारखं येतं. प्रत्यक्षात ती फार साधी, हिशेबाची गोष्ट असते. स्पॉन्सर केलेल्या माणसाला किमान किती पगार द्यायचा याची एक रेषा आहे. जुलै २०१३ पासून ती ५३,९०० डॉलरवर होती आणि तब्बल दहा वर्षं हललीच नाही. २०२३ मध्ये ती ७०,००० झाली, २०२४ मध्ये ७३,१५०, आणि जुलै २०२५ पासून ७६,५१५. ही रक्कम आठवड्याला ३८ तासांच्या कामाची धरली, तर तासाला साधारण ३८ डॉलर ७० सेंट पडतात. पगाराच्या स्लिपवर आकडा बरोबर असतो. बाजारभावाशी जुळतो की नाही हेही नॉमिनेशनच्या वेळी स्थानिक संस्थेने पाहिलेलं असतं. फक्त माणूस आठवड्याला ५२ तास काम करत असतो. वरचे १४ तास कुठेच लिहिलेले नसतात. सुटीचे चार आठवडे सोडले तरी वर्षाला ६७२ तास होतात, म्हणजे सव्वीस हजार डॉलर. तीन वर्षांत अठ्ठ्याहत्तर हजार. ओव्हरटाइमचा वाढीव दर यात धरलेलाही नाही. व्हिसाची ही खरी किंमत. अर्जाच्या फीच्या तक्त्यात ती सापडत नाही.

माझ्या ओळखीतल्या, सांगलीकडच्या एका गृहस्थांना मी हा हिशेब एकदा करून दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, ‘माहीत आहे हो. पण मी याला हप्ता म्हणतो.’ हप्ता! कर्जाचाही आणि दुसऱ्या अर्थानेही. त्यांनी शब्द बरोबर निवडला होता आणि त्यांना तो टोचतही नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

उघड हप्तेही असतात. स्पॉन्सर केल्याबद्दल पैसे घेणं डिसेंबर २०१५ पासून इथे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नॉमिनेशनच्या वेळी प्रशिक्षण निधीसाठी जी रक्कम भरावी लागते, वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर ३,००० आणि वर असेल तर ५,००० डॉलर, तीही मालकानेच भरायची. कामगाराकडून वसूल करायची नाही. कायदा स्वच्छ आहे. पण त्याच कायद्यात पैसे देऊ करणाऱ्यालाही दंड आहे आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे एकदा पैसे दिलेला माणूस मालकाइतकाच गप्प बसतो. चोर आणि ज्याच्याकडे चोरी झाली तो, दोघांनाही पोलिसांची सारखीच भीती. जुलै २०२४ पासून परिस्थिती थोडी सुधारली : व्हिसाची भीती घालून राबवून घेणं हा गुन्हा ठरला, आणि शोषणाची तक्रार लढण्यासाठी देशात थांबता यावं म्हणून एक अल्पमुदतीचा व्हिसाही प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. मात्र या तरतुदी मराठीत कुणी कुणाला सांगताना मी ऐकलेलं नाही. ‘कोणतं इंग्रजी सेंटर सोपं’ हे मात्र प्रत्येक ग्रुपवर दर आठवड्याला फिरतं.

आता त्या दोन वाक्यांमधून सगळ्यात आधी गाळली जाते ती व्यक्ती. बायको. (क्वचित नवरा. नर्सेसच्या बाबतीत नवरे येतात मागून, आणि त्यांच्या कथा आणखीच दबक्या आवाजात सांगितल्या जातात.) ४९१ आणि ४९४ची राहण्या-काम करण्याची अट कुटुंबातल्या प्रत्येकाला लागू आहे. तिला काम करायची पूर्ण परवानगी आहे, पण रीजनल भागात. जिलाँग आणि मेलबर्नमध्ये पाऊणशे किलोमीटर आहेत, तासाभराची ट्रेन. जिलाँगमध्ये राहणाऱ्या ४९४वाल्याच्या बायकोला मेलबर्नच्या ऑफिसात नोकरी मिळाली, तर रोज ती ट्रेन पकडणं म्हणजे अट मोडणं. शेजारीण त्याच डब्यात बसून जाते, हिने जायचं नाही. आणि हे झालं जिलाँगचं, जिथे निदान ट्रेन आहे. पुढे आत, जिथे सुपरमार्केट हाच मोठा मालक, तिथे नाशिकच्या कॉलेजात दहा वर्षं शिकवलेली बाई शेल्फ भरायला लागते. शेल्फ भरण्यात कमीपणा नाही, ते काम मी केलंय. पण योजनेचं नाव ‘कुशल’ आहे आणि घरातल्या दोन कुशल माणसांपैकी एकाचंच कौशल्य योजनेला दिसतं.

म्हणूनच मला सरकारचं निदानच कच्चं वाटतं. माणसं सिडनीला का पळतात? इतक्या वर्षांत मला जेवढी कुटुंबं भेटली, त्यांच्यात नवऱ्याच्या पगारामुळे गाव सोडलेलं क्वचितच आठवतं. तिची नोकरी, मुलीचं अकरावी-बारावीचं वर्ष, आईच्या तपासण्यांसाठी तीन तासांचा प्रवास, आणि बोलायला माणूस नसणं, ही कारणं असतात. यातलं एकही कारण तीन वर्षांच्या अटीने दूर होत नाही. फक्त पुढे ढकललं जातं. तीन वर्षं लोक राहतात, हे खरं. ती घड्याळाकडे बघत राहतात. घर घेत नाहीत, क्रिकेट क्लबच्या कमिटीवर जात नाहीत, बागेत आंबा सोडा, लिंबूही लावत नाहीत. गावालाही ते कळतं. मग गाव कशाला जीव लावेल?

कॅनडातल्या वाचकांना इथे काही सांगावंसं वाटेल, आणि त्यांचं ऐकण्यासारखं आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी त्यांनी २०१७ मध्ये प्रायोगिक योजना आणली आणि जानेवारी २०२२ पासून ती कायम केली. तिथेही मालकाची ऑफर लागते. पण मिळतं ते थेट कायम वास्तव्य, आणि कायम रहिवाशाला हव्या त्या प्रांतात जायचा हक्क त्यांच्या राज्यघटनेनेच दिलाय, त्यामुळे बांधून ठेवण्याचा प्रश्नच नाही. मग माणूस टिकावा म्हणून त्यांनी काय केलं, तर अर्जाबरोबर कुटुंबाची ‘सेटलमेंट’ योजना मागितली, आणि ती जमवून देणाऱ्या संस्थेशी मालकाला जोडून दिलं. शाळा, घर, भाषा, जोडीदाराचं काम, सगळं त्या कागदावर. तिथून लोक टोरांटोला जात नाहीत असं मी म्हणत नाही, जातात. पण निदान सरकारने प्रश्न बरोबर विचारला. अमेरिकेतला डॉक्टरांचा मार्ग ऑस्ट्रेलियाच्या जवळचा आहे : जे-वनवर आलेल्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की मायदेशी परत जायची अट माफ होते, दर राज्याला वर्षाला तीस जागा. आपल्या कितीतरी डॉक्टर मंडळींनी कॅन्ससमध्ये, वेस्ट व्हर्जिनियात ती वर्षं काढली. त्यांच्या आठवणी मात्र शहरात आल्यावरच सुरू होतात.

आणि ही टीका मला आपल्या लिखाणावरही करायची आहे. परदेशातल्या मराठी लेखनात शहरं भरपूर आहेत. पहिला बर्फ आहे, मॉलमधली गोंधळलेली आजी आहे, पोळ्यांची मशीन आहे, गणपती आहे. ज्या गावात एकच मराठी घर आहे, त्या घराबद्दल फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. कारण उघड आहे. जोवर माणूस अटीखाली आहे तोवर तो लिहीत नाही, कुणी वाचेल ही भीती असते. अट सुटली की तो शहरात येतो, मंडळाचा सभासद होतो, आणि त्या वर्षांकडे वळून बघायची त्याला इच्छा नसते. शिवाय मंडळात कुणाला ते ऐकायचंही नसतं. ‘झालं ना शेवटी पीआर?’ म्हटलं की विषय मिटतो. यशाचा शिक्का बसला की त्याखालचा मजकूर वाचायचा नाही, ही आपली सवय जुनी आहे, दहावीच्या निकालापासूनची.

तेव्हा पुढच्या वेळी भाच्याचा फोन आला तर ‘घे’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी त्याला एवढं तरी विचारा. ४९१ की ४९४? करारात आठवड्याचे तास लिहिलेत का, आणि वरच्या तासांचं काय? त्या मालकाकडे आधी स्पॉन्सर होऊन आलेला कुणी आहे का, तो आज कुठे आहे, त्याच्याशी मालकाच्या गैरहजेरीत बोलता येईल का? शेवटचा प्रश्न बायकोला विचारा, त्याला नको. ती तिथे काय करणार आहे? ‘बघू तिथे गेल्यावर’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला कळलंच.

आणि आधीच येऊन दोन-अडीच वर्षं काढलेल्यांसाठी एक गोष्ट, जी मला दोन वेगवेगळ्या घरांत सांगावी लागली, म्हणून इथेही लिहितो. ४९४वरून १९१चा अर्ज करताना मालकाचं नवं नॉमिनेशन लागत नाही. तीन वर्षं व्हिसा धरलेला, अटी पाळलेल्या आणि तीन आर्थिक वर्षांच्या कर-आकारणीच्या नोटिसा. त्या नोटिसा तुमच्या नावाने येतात, तुमच्या खात्यात दिसतात. ‘शेवटची सही माझ्याच हातात आहे’ असं कुणी मालक तिसऱ्या वर्षी ऐकवत असेल, तर अशी सही त्या फॉर्मवर कुठेही नाही.